शतपावलीतली जळजळ

सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यांचं पत्र थोडक्यात असं: यजमान ५४ वर्षांचे, किराणा दुकान चालवतात. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, तंबाखू मळून खायची जुनी सवय आहे. त्यांचे वडील ५८व्या वर्षी झोपेतच गेले. गेले दोन महिने रात्री जेवून शतपावलीला निघालं की देवळाच्या चढावर त्यांच्या छातीत मधोमध जळजळतं, भरून येतं. मग ते वाटेत बसतात, खिशातली पित्ताची गोळी चघळतात, ढेकर येते आणि पाच-सात मिनिटांत बरं वाटतं. आधी आठवड्यातून एखाद्या वेळी व्हायचं, आता जवळजवळ रोज होतं. ‘पूर्वी देवळापर्यंत जायचे, आता अलीकडच्या पिंपळापाशीच थांबावं लागतं.’ गावातल्या दवाखान्यात ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. सासूबाई म्हणतात, पित्त घराण्यातच आहे. यजमान म्हणतात, ईसीजी चांगला असताना शहरातल्या डॉक्टरांना पैसे कशाला द्यायचे? ताईंचे प्रश्न दोन: पित्त मुळापासून जावं म्हणून खाण्यातून काय काय काढू? आणि पचन सुधारायला शतपावली वाढवू का? पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिलंय, ‘मलाही हल्ली जिना चढताना धाप लागते, जबडा दुखतो, पण माझं पाळी जायचं वय आहे, त्यामुळे असेल.’

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. शतपावली वाढवू नका, तपासणी होईपर्यंत ती बंदच ठेवा. दुकानातली पोती उचलणं, जड शटर ओढणं ही कामंही सध्या दुसऱ्या कुणाला सांगा. आणि हृदयरोगतज्ज्ञांकडे उद्या जा, फार तर परवा. पुढच्या महिन्यावर ढकलू नका. ही घाई तुमच्या पत्रातल्या पिंपळाच्या वाक्यामुळे. पित्ताला अंतर कळत नाही. ठरावीक श्रमाला दुखणं उठतं, थांबलं की जातं आणि आठवड्यागणिक कमी श्रमात उठायला लागतं, ही चाल हृदयाच्या दुखण्याची आहे. ते हृदयाचंच आहे असं पत्रावरून कुणीही ठरवू शकत नाही. पण तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत तसंच आहे असं धरून चालायचं.

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते त्याच्यावरून जाणाऱ्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्यांतून. या वाहिन्यांत आतून चरबीचा थर साचत जातो. बसल्या जागी हृदयाची गरज कमी असते, त्यामुळे वाहिनी ७० टक्क्यांच्या आसपास अरुंद झाली तरी काम भागतं. चढ लागला की ठोके वाढतात, गरज वाढते, पुरवठा तेवढाच राहतो आणि उपाशी पडलेला स्नायू दुखायला लागतो. थांबलं की गरज उतरते आणि दोन ते दहा मिनिटांत दुखणं ओसरतं. याला अंजायना म्हणतात. जेवण झाल्यावर पोटाकडे जास्त रक्त लागतं, म्हणून पुढचा तास-दोन तास हृदयाला आधीच जादा काम असतं. त्यात चढ आला की भर पडते. लंडनच्या विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली या दुखण्याचं वर्णन वैद्यांपुढे मांडलं, तेव्हा ईसीजी यायला शंभराहून जास्त वर्षं अवकाश होता. चालताना, त्यातही चढावर आणि जेवणानंतर लगेच हे दुखणं गाठतं, हे त्यांनी नुसत्या निरीक्षणातून टिपलं होतं. तुमचं पत्र त्या वर्णनाच्या फार जवळ जातं.

तुम्ही म्हणाल, पण हे तर जळजळतंय, हृदयाचं दुखणं डावीकडे असतं, जोरात कळ येते, दरदरून घाम फुटतो. बहुतेकांच्या मनात हेच चित्र असतं आणि त्यानेच घात होतो. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून, त्याला खेटून खाली उतरते. दोघांच्या संवेदना पाठीच्या कण्यात जवळजवळ त्याच पातळीवर शिरतात, त्यामुळे नेमकं कोण दुखतंय हे मेंदूला नीट सांगता येत नाही. म्हणूनच हृदयाचं दुखणं कधी जबड्यात, कधी दंडात, कधी पाठीत दोन खवाट्यांच्या मध्ये, कधी पोटाच्या वर बेंबी आणि बरगड्यांच्या मधल्या खळग्यात जाणवतं. त्याला ‘दुखतं’ असं म्हणणारेही कमीच. भरून येतं, दडपल्यासारखं होतं, आवळतं, जळजळतं, गॅस अडकल्यासारखं वाटतं, हे शब्द जास्त ऐकू येतात. यजमानांना नुसतं विचारा, ‘कुठे होतं ते हाताने दाखवा.’ एका बोटाने एक बिंदू दाखवला तर हृदयाची शक्यता थोडी कमी होते. अख्खा पंजा किंवा मूठ छातीच्या मधोमध ठेवली तर वाढते. यावरून निदान करायचं नाही, पण डॉक्टरांना हे सांगण्यासारखं आहे.

मधुमेहात आणखी एक अडचण असते. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की संवेदना नेणाऱ्या नसा बोथट होतात. अशा माणसाला हृदयविकाराचा झटकासुद्धा नुसती मळमळ, थकवा किंवा धाप म्हणून जाणवू शकतो, कधीकधी काहीच जाणवत नाही. म्हणून मधुमेह असलेल्या माणसाच्या ‘थोड्याशा’ जळजळीचं वजन जास्त धरायचं.

आता ती चघळायची गोळी. यजमान पिंपळाखाली एकाच वेळी दोन गोष्टी करतात, बसतात आणि गोळी खातात. बरं वाटण्याचं श्रेय गोळीला जातं, पण ते बसण्याचं असू शकतं. त्यांना आठवून सांगायला लावा: खिशात गोळी नव्हती अशा दिवशी नुसतं बसल्यावरही गेलं होतं का? तेवढंच जेवून खुर्चीत बसून राहिले त्या रात्री झालं होतं का? सकाळी रिकाम्या पोटी घाईने चढ चढताना कधी झालं होतं का? ही उत्तरं आठवणीतून घ्यायची. खात्री करायला म्हणून त्यांना मुद्दाम चढावर चालवू नका. ढेकरेवरही विसंबू नका. छातीत अस्वस्थ वाटलं की माणूस नकळत हवा गिळतो आणि ती ढेकर होऊन बाहेर येते. हृदय दुखत असतानाही ढेकर येते, आल्यावर हलकंही वाटतं.

ईसीजीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या घरात सगळा वाद त्या कागदावर अडकलेला दिसतो. ईसीजी म्हणजे हृदयाच्या विजेची साधारण दहा सेकंदांची नोंद. यजमान टेबलावर शांत पडलेले, जळजळ नाही, चढ नाही, म्हणजे त्या दहा सेकंदांत हृदयाला रक्त पुरत होतं. त्या नोंदीत काही दिसायचं कारणच नव्हतं. अंजायना असलेल्या कितीतरी लोकांचा विश्रांतीतला ईसीजी पूर्ण नॉर्मल असतो. छातीत होत असताना काढलेला ईसीजी नॉर्मल आला तर त्याला थोडा जास्त अर्थ असतो, पण तेवढ्यानेही हात झटकता येत नाहीत. आणीबाणीत म्हणूनच ईसीजी पुन्हा पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा करतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर ट्रोपोनिन रक्तात दिसायला काही तास लागतात, त्यामुळे दुखणं सुरू झाल्या झाल्या केलेली एकच तपासणी फसवू शकते. तुमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला हे बरोबरच केलं. त्यावरून हृदय ठणठणीत आहे असा अर्थ घरी काढला गेला, तेवढंच चुकलं. चढाची आणि पिंपळाची गोष्ट त्यांना सांगितली होती का, तेही आठवून पाहा. ‘पित्त होतंय’ असं म्हणून माणूस खुर्चीत बसला की दहा रुग्णांच्या गर्दीत पित्ताचीच गोळी मिळते.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना निदान सांगू नका, घडतं ते सांगा. कागदावर लिहून न्या: ‘दोन महिन्यांपासून. छातीत मधोमध जळजळ आणि दडपण. जेवणानंतर चढ चढताना. आधी अमुक अंतरावर, आता तमुक. थांबल्यावर पाच-सात मिनिटांत जातं. आधी आठवड्यातून एकदा, आता रोज. मधुमेह नऊ वर्षं, तंबाखू, वडील ५८व्या वर्षी अचानक गेले. चालू औषधं ही.’ जुना ईसीजी, गोळ्यांची पाकिटं आणि एखादं चूर्ण किंवा काढा चालू असेल तर तोही सोबत न्या.

पुढे कोणती तपासणी करायची ते तज्ज्ञ ठरवतील, पण ती कशासाठी आहे हे माहीत असावं. इकोमध्ये हृदयाचा पंप आणि झडपा दिसतात. तोही विश्रांतीत नॉर्मल येऊ शकतो. पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात ती टीएमटी. तिच्या नेहमीच्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवतात. एक इशारा देतो. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये टीएमटी असते म्हणून कुठल्यातरी लॅबमध्ये परस्पर जाऊन ती करू नका. दुखणं नवं असेल आणि वाढत असेल तर माणसाला पट्ट्यावर पळवणं धोक्याचं ठरू शकतं. अशा वेळी डॉक्टर थेट सीटी करोनरी अँजिओग्राफी किंवा हातातल्या अथवा जांघेतल्या रक्तवाहिनीतून करायची अँजिओग्राफी सुचवतात. दोन्हींत हृदयाच्या वाहिन्या दिसण्यासाठी रंगद्रव्य टोचतात, म्हणून आधी मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन रक्तात तपासतात. यजमानांची मेटफॉर्मिन चालू आहे हे तेव्हा आवर्जून सांगा. मूत्रपिंड कमजोर असेल तर ती काही काळ थांबवावी लागते. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. अँजिओप्लास्टी (अरुंद वाहिनी आतून फुग्याने रुंद करणं) आणि बायपास या योजनेत बसतात.

वेळ मिळेपर्यंतची एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या. श्रम नसताना छातीत सुरू झालं, किंवा थांबून दहा-पंधरा मिनिटं झाली तरी गेलं नाही, किंवा सोबत घाम, उलटी, धाप, चक्कर, हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर सोडा, ओवा, गोळी असलं काही करत बसू नका. १०८ ला फोन लावा. यजमानांना स्वतः गाडी चालवू देऊ नका, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. त्यांना टेकून बसवा आणि दार उघडं ठेवा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, अल्सरमधून रक्तस्राव झालेला नसेल आणि पाठीत चिरत गेल्यासारखी कळ नसेल, तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन चावून खायला देतात. गिळण्यापेक्षा चावल्याने ती लवकर लागू होते. शक्य असेल तर १०८ वर विचारूनच द्या. शेजाऱ्यांकडची जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र देऊ नका. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, आणि लैंगिक ताकदीची सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतलेली असेल तर तो जिवावर बेतण्याइतका उतरतो. शिवाय ती अन्ननलिकेचा स्नायूही सैल करते, त्यामुळे तिने बरं वाटलं म्हणून काहीच सिद्ध होत नाही. आजच एक चौकशी करून ठेवा: चोवीस तास अँजिओप्लास्टी होते असं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, आणि रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन त्याच्याही आधी कुठे मिळतं? ते इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत जास्त उपयोगी पडतं. बारा तासांनंतर सहसा देत नाहीत. ‘सकाळी बघू’ यात तेच तास जातात.

आता तुमचा पहिला प्रश्न. यजमानांना खरंच पित्तही असू शकतं. एकाच माणसाला दोन्ही असणं अजिबात दुर्मीळ नाही, म्हणून ‘पित्त की हृदय’ असा प्रश्न मांडूच नये. खऱ्या आम्लपित्ताची चाल वेगळी असते. जेवून आडवं झाल्यावर किंवा वाकल्यावर जळजळ वर चढते, घशाशी आंबट पाणी येतं, करपट ढेकरा येतात, तासभर रेंगाळतं, आणि रिकाम्या पोटी चढ चढला तरी काही होत नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला झडपेसारखा स्नायू सैल पडला की आम्ल वर येतं. पोटाचा घेर, एकदम खूप जेवण, तळकट, चहाचे वारेमाप कप, दारू आणि निकोटिन हे त्याला सैल पाडतात किंवा त्याच्यावर दाब आणतात. पोटाला थंड म्हणून घेतलेला पुदिनाही तो स्नायू सैल करतो.

पण म्हणून आहारातून दहा पदार्थ काढू नका. मिरची सगळ्यांनाच बाधते असं नाही, आणि मधुमेही माणसाच्या ताटातून डाळ, आंबट फळं, ताक असं एकेक उचलत गेलं की शेवटी पोळी-भातच उरतो आणि साखर चढते. जास्त गुण वेळेत आणि प्रमाणात आहे. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आणि दुपारपेक्षा हलकं असावं. दुकान साडेनऊला बंद होत असेल तर सात वाजता गल्ल्यावरच डबा पाठवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली पंधरा-वीस सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे द्या. जादा उशा घेतल्या तर पोट दुमडतं आणि उलटंच होतं. डाव्या कुशीवर झोपलं तर आम्ल वर येणं कमी होतं. एकादशीला दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याची आमटी पोटभर खाणं पित्तालाही वाईट आणि साखरेलाही.

गोळ्यांच्या बाबतीत होणाऱ्या चुका तुमच्यासारख्या बऱ्याच घरांत सारख्याच असतात. पॅन्टोप्राझोल ही आम्ल दाबणारी गोळी जळजळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. जठरातले आम्लाचे पंप जेवणाने जागे होतात आणि ही गोळी जाग्या पंपांनाच बंद करते, म्हणून ती सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात. तिच्यातच मळमळ थांबवणारं डॉम्पेरिडोन मिसळलेली गोळी दुकानातून सहज मिळते. डॉम्पेरिडोनमुळे काहींच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून हृदयाची शंका असलेल्या माणसाने ती आपणहून घेऊ नये. आम्ल दाबणारी गोळी आणि मेटफॉर्मिन दोन्ही वर्षानुवर्षं चालू राहिल्या तर ब१२ जीवनसत्त्व घटतं, शाकाहारी घरात जास्तच. तळपाय जळजळणं किंवा मुंग्या येणं असेल तर ते तपासून घ्या. फसफसणाऱ्या सोड्याच्या पुडीत भरपूर सोडियम असतं, रोज घेतली तर रक्तदाबाच्या रुग्णाला ती मिठासारखीच जड जाते. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन चालू असेल तर तेही लपवू नका. या गोळ्या जठराला अल्सर करतात, हृदयाचा धोका वाढवतात, आणि आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनचं कामही अडवतं. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होणं, घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, रक्ताची उलटी ही लक्षणं दिसली तर हृदयाची तपासणी झाली तरी एंडोस्कोपीला टाळाटाळ नको. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची नसते.

यजमानांना तयार कसं करायचं? ‘तुम्हाला हार्टचं आहे’ असं म्हटलंत की ते नॉर्मल ईसीजी पुढे करतील आणि वाद तिथेच संपेल. त्यापेक्षा देऊळ आणि पिंपळाची गोष्ट काढा. ती त्यांची स्वतःची आहे, नाकारता येणार नाही. कागद त्यांच्याकडूनच लिहून घ्या. सासूबाईंनाही विरोधात ढकलू नका. पित्त घराण्यात असेल, पण ५८व्या वर्षी झोपेत गेलेले वडीलही त्याच घराण्यात होते. हे त्यांच्याशी एकट्यात आणि हळुवार बोला, तो त्यांच्या नवऱ्याचा विषय आहे. त्यांनी मुलाला एकदा ‘जाऊन ये’ म्हटलं तर ते तुमच्या दहा वेळा म्हणण्याइतकं होईल. तंबाखूचा विषय त्याच दिवशी काढू नका, नाहीतर दवाखाना राहील बाजूला. तो डॉक्टरांना काढू द्या.

याच्या उलट त्रासाची पत्रंही येतात. पंचविशी-तिशीतली मुलं, छातीत चमक उठते, दाबलं तर दुखतं, श्वास घेताना टोचतं, सेकंदभरात जातं, पण रात्र रात्र झोप नाही, आठवड्याला एक ईसीजी. दोन मजले भरभर चढूनही काही होत नसेल, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू नसेल, घरात कमी वयात कुणाला हृदयविकार झालेला नसेल, तर एकदा नीट तपासून घेऊन पुन्हा पुन्हा ईसीजी काढणं थांबवा आणि त्या काळजीवरच उपचार घ्या. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती अर्धा तास ते काही तास टिकत असेल, उजव्या खांद्याकडे जात असेल, तर पोटाची सोनोग्राफी करा, पित्ताशयातले खडे असू शकतात. आपण ज्याला ‘पित्त’ म्हणतो त्याच्याशी या खड्यांचा संबंध नाही.

आणि ताई, जिन्यावरची धाप आणि जबड्याचं दुखणं तुम्ही पत्राच्या तळाशी एका ओळीत उरकलंत. चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर जातो का, एवढं आठवून पाहा. बायकांमध्ये हृदयाचं दुखणं बऱ्याचदा छातीऐवजी धाप, थकवा, मळमळ, जबडा किंवा पाठ यांतून बोलतं. पाळी जाण्याच्या सुमाराला आणि त्यानंतर हृदयाचा धोका वाढत जातो. हिमोग्लोबिन कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी धाप लागते, तेही त्याच वेळी कळेल. शहरात जायला एकच गाडी करणार असाल, तर केसपेपर दोन काढा. यजमानांना तयार करायला ‘मलाच दाखवायचंय, तुम्ही सोबत चला’ असं म्हणायची वेळ आली तर खुशाल म्हणा, ते खोटं ठरणार नाही.